मागणी खरी होती का? ख्रिस्तपुराण वाचताना

मुलांना धर्म शिकवण्यासाठी लिहिलेलं जुनं पुस्तक हातात आलं, की आपण लगेच 'त्यात काय शिकवलंय' हे बघतो. त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा: हे पुस्तक कुणाला हवं होतं?

उदाहरण घेऊ फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चं. हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले. त्याच्या थोडंच आधी, १५६३ मध्ये, ट्रेंटची धर्मपरिषद संपली होती. मुलांना रविवारी आणि सणांच्या दिवशी श्रद्धेची मूलतत्त्वं शिकवा, असं तिनं ठरवलं होतं. गोव्यातल्या साष्टीतही असे वर्ग भरत.

ख्रिस्तपुराणाची सुरुवातच अशा वर्गापासून होते. देवळात मुलांना डॉक्ट्रिन शिकवणं चाललंय आणि एक धर्मांतरित ब्राह्मण पाद्री-गुरूंना म्हणतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी नवीन का देत नाही? म्हणजे मुलांना पाठ करायला प्रश्नोत्तरं होती, पण ऐकायला कथा नव्हती. स्टीफन्सनी दोन्ही लिहिलं. प्रश्नोत्तरांचं पुस्तक कोकणीत (ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये रायतूरला छापलं गेलं) आणि पुराण मराठीत, दहा हजारांहून जास्त ओव्यांचं. घरच्या बोलीत धडा आणि ग्रंथांच्या भाषेत कथा!

ओवीच का? आमच्या मुळशीकडं बघा. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी मुळशी-मावळातून सुरुवात करून महाराष्ट्रभरातल्या लाखभर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी वेगळी, पण दोन्ही कानानं शिकता येतात. अक्षरओळख लागत नाही.

पण थांबा. 'लोकांनीच पुराण मागितलं' हे सांगतंय कोण? स्वतः लेखक. तो ब्राह्मण स्टीफन्सच्या लेखणीतून बोलतो. पुराणं बंद करणारे आणि नवं पुराण देणारे एकाच बाजूचे असताना ही साक्ष जशीच्या तशी कशी घ्यायची? मी विज्ञानातून इकडं आलेय, त्यामुळं माझ्या डोक्यात पहिला विचार येतो तो हाच: लेखकावर अवलंबून नसलेला पुरावा आहे का?

आहे. हे पुराण १६१६, १६४९ आणि १६५४ मध्ये छापलं गेलं, रोमन लिपीत. त्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज माहीत नाही. तरी पुराण टिकलं, कारण लोकांनी ते हातानं उतरवून ठेवलं. १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापलं, ते अशा हस्तलिखितांवरूनच. हजारो ओव्या हातानं उतरवणं काही फुकटचं काम नाही. कुणीतरी वाचत होतं, ऐकत होतं.

अर्थात, यातून सुरुवातीचा संवाद खरा घडला हे सिद्ध होत नाही. पुढं मागणी होती, एवढंच सिद्ध होतं. हे दोन दावे वेगळे आहेत आणि प्रबंधात ते वेगळ्या वाक्यांत लिहायचे.

आता तुमच्या विषयातलं एखादं पाठ्यपुस्तक घ्या. प्रस्तावनेत 'विद्यार्थ्यांच्या आग्रहास्तव' असं लिहिलेलं असेलच. तो आग्रह प्रस्तावनेबाहेर कुठं दिसतो, ते शोधा.