रोमचा स्टिलिको आणि नगरचे हबशी-मराठे

रोमन साम्राज्य का बुडालं, याचं एक ठरलेलं उत्तर आपल्याला पाठ असतं. रोमन लोक सुस्तावले, लढायला परके ठेवले आणि त्या परक्यांनीच घर लुटलं. नगरच्या निजामशाहीबद्दलही (१४९० ते १६३६) गप्पांत असंच ऐकू येतं. हबशी, इराणी, मराठे, सगळी भाड्याची फौज, टिकणार कशी? मला काही हे पटत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा, वेगळंच काहीतरी दिसतं.

आधी रोम. इ.स. ३७६ मध्ये हूणांच्या धाकाने गॉथ लोक डॅन्यूब नदीच्या काठी येऊन आश्रय मागू लागले. सम्राट व्हॅलेन्सला आयते सैनिक हवेच होते, त्याने हो म्हटलं. पण सीमेवरच्या रोमन अधिकाऱ्यांनी यात धंदा पाहिला. भुकेल्या गॉथांना कुत्र्यांचं मांस द्यायचं आणि बदल्यात त्यांची पोरं गुलाम म्हणून घ्यायची! हे अम्मियानस नावाच्या, स्वतः रोमन सैन्यात राहिलेल्या माणसाने लिहून ठेवलंय. दोनच वर्षांत अ‍ॅड्रियानोपलच्या लढाईत व्हॅलेन्स मारला गेला आणि त्याचं बहुतेक सैन्यही.

तरी रोम लगेच पडलं नाही. पश्चिमेकडचं साम्राज्य पुढे बरीच वर्षं स्टिलिको या सेनापतीने सांभाळलं. याचा बाप व्हँडल, म्हणजे 'रानटी'. पण हा रोमन सैन्यातच वाढलेला, आपल्या दोन्ही मुली त्याने एकापाठोपाठ एक सम्राट होनोरियसला दिल्या. ४०८ मध्ये दरबाऱ्यांनी कान भरले आणि होनोरियसने सासऱ्याचंच डोकं उडवलं. एवढ्यावर थांबलं नाही. सैन्यातल्या परक्या सैनिकांची बायकापोरं इटलीतल्या शहरांत राहत होती, त्यांची कत्तल झाली. मग ते सैनिक कुठे जाणार? सरळ अलारिककडे. दोन वर्षांनी, ४१० मध्ये, अलारिकने रोम लुटलं.

आता नगर (२०२४ पासून अहिल्यानगर). इथे परका कोण हे ठरवणंच अवघड. खुद्द निजामशहाचं घराणं पाथरीच्या एका धर्मांतरित ब्राह्मणापासून सुरू झालेलं. दरबारात दोन तट: इथे मुरलेले दखनी, त्यांच्या बाजूला हबशी, आणि समुद्रापलीकडून आलेले इराणी वगैरे आफाकी. १५८९ मध्ये मिरान हुसेन निजामशहाचा खून झाला तेव्हा जमालखानाच्या दखनी गटाने नगर शहरात आफाकींची कत्तल केली. इतिहासकार फरिश्ता तेव्हा नगरातच होता. तो वाचला, विजापूरला गेला आणि त्याचा ग्रंथ आदिलशहाच्या पदरी लिहिला गेला. सहाच वर्षांनी मोगल नगरच्या किल्ल्यापुढे उभे होते. चांदबिबीने तेव्हा किल्ला राखला, पण वऱ्हाड द्यावं लागलं. १६०० मध्ये मोगलांनी नगर घेतलं. त्याआधी चांदबिबीला मारणारे तिच्याच पक्षाचे लोक होते.

इथून पुढची पंचवीस वर्षं मलिक अंबरची. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस. राजधानी गेलेली असताना त्याने नवा निजामशहा गादीवर बसवला, त्याला आपली मुलगी दिली (स्टिलिको आठवला ना?) आणि मराठा घोडेस्वारांच्या जोरावर मोगलांना दमवलं. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला त्याने तलाव फोडून शत्रूची छावणी चिखलात घातली. शहाजीराजे त्या लढाईत होते, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले.

या फौजेची रचना समजून घ्यायला हवी. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा आणि शिलेदार म्हणजे घोडा-हत्यार स्वतःचं आणणारा. सरदाराला पगार बहुधा गावांच्या वसुलातून. शिलेदार नाराज झाला की घोड्यासकट जातो. त्यामुळे बाजू बदलणं ही रोजचीच गोष्ट. सिंदखेडचे लखुजी जाधवही मोगलांकडे जाऊन परत आले होते. अशा व्यवस्थेत राज्याकडे खरं भांडवल एकच: दिलेला शब्द.

तोच १६२९ मध्ये मोडला. अंबर १६२६ मध्ये गेला होता. निजामशहाने लखुजींना देवगिरीच्या दरबारात बोलावलं आणि मुलं-नातवासह मारलं. लखुजी म्हणजे जिजाबाईंचे वडील. शहाजीराजे लगोलग मोगलांकडे गेले. मोगलांनी तरी शब्द कुठे पाळला? शहाजींची जहागीर अंबरच्या मुलाला, फत्तेखानाला दिली, म्हणून शहाजी परत फिरले! त्या फत्तेखानाने तोवर आपल्याच निजामशहाला मारलं होतं.

या सगळ्याची किंमत सरदारांनी कमी आणि रयतेने जास्त मोजली. १६३०-३२ चा भयंकर दुष्काळ याच धुमाळीत आला. पावसाने दगा दिला आणि उरलंसुरलं फौजांनी तुडवलं. तुकोबांचं घर उद्ध्वस्त झालं ते याच दुष्काळात.

शेवटचा अंक संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरी किल्ल्यावर झाला. शहाजींनी निजामशाही घराण्यातलं एक लहान मूल गादीवर बसवून तीन वर्षं राज्य चालवलं. रोममध्येही ४७५ साली ओरेस्टेस नावाच्या सेनापतीने आपल्या लहान मुलाला सम्राट केलं होतं. ते राज्य वर्षभरही टिकलं नाही, आणि बुडालं कशाने? सैनिकांनी मागितलेली जमीन ओरेस्टेसने नाकारली म्हणून. शहाजींना मात्र शाहजहान आणि आदिलशहा या दोघांनी मिळून घेरलं, १६३६ मध्ये माहुलीला शरण जावं लागलं.

तेव्हा 'परके ठेवले म्हणून बुडाले' हे उत्तर उलटं आहे. परक्यांच्या जिवावरच ही राज्यं इतकी तगली. ज्याच्या हातात तलवार दिली त्याच्या बायकापोरांवर तलवार उगारली, तेव्हा ती बुडाली. शहाजींच्या मुलाने पुढे सरदारांना गावं तोडून देण्याऐवजी रोख पगार आणि सरकारी पागा यांवर भर दिला. आजोबांचा शेवट त्याने घरात ऐकला असणारच.