चिठ्ठी टाकून औषध



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मधले दोन महिने घरात दुसरंच काही चाललं होतं. आता जरा निवांतपणा मिळाला, म्हणून जे डोक्यात साठलं ते उतरवून काढतो. विषय जड आहे, पण मी काही डॉक्टर नाही. इतिहास आणि मराठी शिकवणारा साधा मास्तर. त्यामुळे मला जसं समजलं तसं सांगतो.

झालं असं की एका दुपारी माझ्या भाचीचा मोठ्या शहरातल्या दवाखान्यातून फोन आला. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, हे आम्हाला आठवडाभर आधी कळलंच होतं. ती म्हणाली, "मामा, डॉक्टर म्हणतात एका चाचणीत येता का. कागद देला आहे मराठीतला, चांगला बारा पानांचा. चिठ्ठी टाकून ठरवणार म्हणे कोणाले कोणतं औषध. सही करू का?"

मी म्हणालो, "दोन दिवस थांब. मी वाचतो, मग बोलू."

तोवर बातमी सगळ्या नात्यात पसरली. जावई म्हणाले, "आपल्यावर प्रयोग करून रायले ते!" एक चुलतभाऊ म्हणाला, "उंदरावर करतात ते माणसावर कायले?" आणि सगळ्यांचा राग त्या 'चिठ्ठी' शब्दावर. पोरीच्या जिवाचा प्रश्न आणि हे चिठ्ठ्या टाकतात म्हणजे काय? खरं सांगायचं तर मलाही तो शब्द टोचला होता.

म्हणून वाचायला बसलो. आणि गंमत म्हणजे ही चिठ्ठी दवाखान्यात जन्मलीच नाही. ती जन्मली वावरात!

आमच्या मेडशीच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. सोयाबीनचं नवं वाण आलं आणि ते त्याने नाल्याकडच्या काळ्या जमिनीत पेरलं, जुनं वाण टाकलं बरडावर. नव्याला उतारा जास्त आला. आता हा गुण वाणाचा की जमिनीचा? सांगता येणार नाही. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये रोदॅमस्टेड नावाच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर नावाचा गणिती होता. त्याने यावर तोड काढली. शेताचे लहान लहान तुकडे पाडायचे आणि कोणत्या तुकड्यात कोणतं वाण, हे माणसाने ठरवायचंच नाही. चिठ्ठीने ठरवायचं. म्हणजे चांगली जमीन, वाईट जमीन, ओल, सावली हे सगळं दोन्ही वाणांच्या वाट्याला साधारण सारखं येतं. मग जो फरक उरेल तो वाणाचा. इकडे अकोल्याच्या कृषी विद्यापीठातही नव्या वाणांची परीक्षा याच तत्त्वावर होते.

हीच युक्ती माणसांच्या औषधात आली ती क्षयाच्या निमित्ताने. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध खरंच गुणकारी आहे का, हे ब्रिटनमध्ये याच पद्धतीने तपासलं गेलं आणि निकाल १९४८ साली छापून आला. कारण डॉक्टरही माणूसच. त्याच्या हातात निवड दिली तर तो नकळत तरण्या, धडधाकट पेशंटला नवं औषध देईल आणि मग म्हणेल, बघा किती गुण आला! चिठ्ठी ही डॉक्टरच्या मनावरची वेसण आहे. एवढं कळलं आणि माझा अर्धा राग गेला.

उरलेला अर्धा राग संमतीचा. तिथे आपल्या मुंबईचा इतिहास आठवला. १८९७ सालच्या प्लेगात हाफकिन साहेबांनी मुंबईत लस तयार केली. १० जानेवारीला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांपैकी काहींना ती टोचली, काहींना नाही आणि दोन्हींची तुलना केली. लस उपयोगी ठरली. पण मी मुलांना हा धडा शिकवायचो तेव्हा मला कधी सुचलं नाही तो प्रश्न आता सुचला : तुरुंगातला कैदी 'हो' म्हणतो, त्या 'हो'ला किंमत किती? जगालाही हा प्रश्न उशिराच पडला. नाझींनी छळछावण्यांत केलेल्या प्रयोगांचा खटला चालला, त्यानंतर १९४७ साली न्यूरेंबर्गची संहिता आली. १९६४ साली हेलसिंकीचा जाहीरनामा आला. माणसाला सगळं समजावून सांगून, त्याच्या खुशीने मिळालेली संमती हवी, हे तेव्हा कागदावर आलं. भाचीच्या हातातली ती बारा पानं या सगळ्याची नात-पणती आहेत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तिच्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

सोलापूर जिल्ह्यात बार्शी म्हणून गाव आहे, तिथे नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सरचं रुग्णालय आहे. १९८७ साली बार्शीला खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागातली देशातली ती पहिलीच नोंदणी. पुढे १९९९ साली शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, एक प्रचंड मोठी चाचणी सुरू झाली. बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कर्करोग संशोधन संस्था असे तिघे मिळून. पैसा गेट्स फाउंडेशनचा. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ धडधाकट बायका त्यात होत्या. खेड्यांचे ५२ समूह केले आणि चिठ्ठीने त्यांचे चार गट पाडले. एका गटातल्या बायकांची एचपीव्ही या विषाणूची तपासणी झाली, कारण गर्भाशयमुखाचा कर्करोग याच विषाणूमुळे होतो. दुसऱ्या गटात पॅप नावाची पेशींची तपासणी. तिसऱ्यात नुसतं पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखं द्रावण लावून डोळ्यांनी पाहायचं. आणि चौथ्या गटात तपासणी नाही. त्यांना माहिती दिली, आणि बाकी जे नेहमी मिळतं तेच.

ज्यांच्यात दोष सापडला त्यांच्यावर उपचार झाले. मग ८ वर्षं सगळ्यांवर लक्ष ठेवलं. २००९ साली निकाल छापून आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ बायकांपैकी ३४ या कर्करोगाने गेल्या. तपासणी नसलेल्या ३१,४८८ पैकी ६४. जवळजवळ निम्मा फरक, तोही आयुष्यातल्या एकाच तपासणीने! पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत मात्र ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. पण व्हिनेगरला लगेच नापास करू नका. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने दुसरी चाचणी केली. तिथे हीच साधी तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी केली, तेव्हा या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एका परीक्षेवरून मुलाची पारख करू नये, तसंच आहे हे.

२०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बायकांच्या तपासणीसाठी एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली. त्यामागे जो पुरावा उभा आहे, त्यात धाराशिवच्या बायकांचाही वाटा आहे. कपाळभर कुंकू लावून, पदर सावरत, लाजत तपासणीला आलेल्या त्या बायकांना आपण जगाचं औषधशास्त्र घडवतो आहोत हे कोणी सांगितलं असेल का, कोण जाणे.

पण मंडळी, त्या चौथ्या गटाचं काय? त्या ६४ जणींचं काय?

यावर भांडण झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. एका अमेरिकन डॉक्टरने आक्षेप घेतला, की तपासणीचा उपयोग होतो हे परदेशात आधीच माहीत असताना इतक्या बायकांना तपासणीविना ठेवणं चूक आहे. भारतातल्या अशा तीन चाचण्यांत तपासणी न मिळालेल्या गटांतल्या २५४ बायका या रोगाने गेल्या, असा हिशोब त्याने मांडला. संशोधकांचं उत्तर असं, की या देशात तपासणी कोणालाच मिळत नव्हती, म्हणून चौथ्या गटाचं आम्ही काही काढून घेतलं नाही.

मी हे दोन्ही वाचलं आणि वही मिटून बसलो. मला आक्का आठवली.

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण, या भाचीची आई. ती १९८७ साली गेली. पाळी जाऊन काही वर्षं झाली होती आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं. वर्षभर तिने कोणाला सांगितलं नाही. सांगणार कोणाला? सासूला? मला, धाकट्या भावाला? अकोल्याला नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, उशीर झाला. रोगही तोच, जो आज लेकीला झाला आहे. आक्काला कोणी चिठ्ठी टाकून चौथ्या गटात बसवलं नव्हतं. ती, तिच्या जावा, आमची आई, गावातल्या सगळ्या बायका आपोआपच चौथ्या गटात होत्या. फरक एवढाच, की आमच्या चौथ्या गटाची मोजणी कोणी ठेवली नाही. ज्या साली बार्शीला वही उघडली त्याच साली आक्का गेली, पण तिचं नाव कुठल्याच वहीत नाही.

संशोधकांचं उत्तर मला म्हणून पूर्ण पटत नाही आणि आक्षेपही पूर्ण पटत नाही. त्या ६४ जणींचं ऋण आहे, एवढं मात्र पटतं. निकाल २००९ साली आला. त्यानंतर खेड्यातल्या प्रत्येक बाईपर्यंत ती तपासणी नेणं हीच त्या ऋणाची फेड होती. ती अजून व्हायची आहे. हा दोष चिठ्ठीचा नाही, आपला आहे.

असो. भाचीच्या प्रश्नाकडे वळतो. जावयांची दुसरी शंका अशी होती, की चिठ्ठीत नवं औषध नाही निघालं तर पोरगी वाऱ्यावर. मी त्यांना टाटा रुग्णालयाचीच आणखी एक चाचणी सांगितली. २००३ ते २०१५ या काळात, याच रोगाच्या ६३३ बायकांची. एका गटाला आधी केमो आणि मग ऑपरेशन. दुसऱ्या गटाला चालत आलेला उपचार, म्हणजे केमोसोबत शेक. पाच वर्षांनी रोग परत न आलेल्या बायका पहिल्या गटात ६९.३ टक्के होत्या, दुसऱ्या गटात ७६.७ टक्के. म्हणजे जुनंच सरस ठरलं! कॅन्सरच्या अशा चाचण्यांत दुसऱ्या गटाला सहसा साखरेची गोळी देऊन बसवत नाहीत, आज जो चांगला उपचार आहे तो देतात. आणि नवं म्हणजे चांगलंच, हे आधी माहीत असतं तर चाचणीची गरजच काय होती? भाचीच्या कागदावरही तसंच होतं. एका गटाला नेहमीचा उपचार, दुसऱ्याला नेहमीचा उपचार अधिक एक औषध.

मग आम्ही फोनवर प्रश्नांची यादी केली. शाळेत प्रश्नपत्रिका काढायचो तशी. ही चाचणी कितव्या टप्प्यातली? पहिल्या टप्प्यात थोड्या माणसांवर औषधाची मात्रा आणि त्रास पाहतात, दुसऱ्यात गुण येतो का ते पाहतात, तिसऱ्यात मोठ्या संख्येने जुन्याशी तुलना होते. ही तिसऱ्यातली निघाली. सरकारी नोंदवहीत तिची नोंद आहे का? २००९ पासून ती सक्तीची आहे. त्रास झाला तर उपचाराचा खर्च कोणाचा? २०१९ च्या नियमांत भरपाईची तरतूद आहे. मधेच सोडावंसं वाटलं तर? सोडता येतं, कारणही द्यावं लागत नाही आणि नेहमीचा उपचार बंद होत नाही. भाचीने हे सगळे प्रश्न डॉक्टरीणबाईंना विचारले. बाई म्हणाल्या, "कोणी शिकवून पाठवलं?" ही म्हणाली, "मामानं. मास्तर आहेत." त्या दिवशी पेन्शन सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

तिने सही केली. चिठ्ठी निघाली ती नेहमीच्या उपचाराची.

जावयांचा चेहरा उतरला. भाचीला मात्र विशेष काही वाटलं नाही. ती म्हणाली, "मामा, माय गेली तवा कोनं मोजलं नाही. माझं निदान मोजतील तरी."

तिचा शेक आता पूर्ण झाला आहे. दर तीन महिन्यांनी जायचं आहे. पुढचं आज कोणालाच माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही, आणि तेच तर त्या बारा पानांत पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं.

जाता जाता एक विनंती, नात्यातल्या सगळ्या लेकी-सुनांना. तिशी ओलांडली असेल तर एकदा तपासणी करून घ्या. घरात ९ ते १४ वयाच्या मुली असतील तर एचपीव्हीच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा, आपल्या देशात तयार झालेली लसही २०२३ पासून मिळते. आणि अंगावरून जायला लागलं तर लाजू नका. सासूला सांगता येत नसेल तर मला फोन करा. एकदा मला कोणी सांगितलं नव्हतं.