मास स्पेक्ट्रोमीटर: देखभालीनंतरची जुळवणी

मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजेच वस्तुमान वर्णपटमापक हे रेणूंचे आयनांमध्ये रूपांतर करून त्या आयनांचे वस्तुमान-प्रभार गुणोत्तर मोजणारे उपकरण होय. मोजमापापूर्वी उपकरणातील निरनिराळ्या भागांवरील विद्युतदाब योग्य मूल्यांवर आणावे लागतात. या क्रियेस जुळवणी किंवा प्रयोगशाळेच्या बोलीत ‘ट्यूनिंग’ असे म्हणतात. स्वच्छता किंवा दुरुस्तीसाठी उपकरण उघडून पुन्हा बंद केल्यावर ही जुळवणी न होणे, ही नित्य आढळणारी अडचण आहे. उघडण्यापूर्वी उपकरण चालू स्थितीत होते, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. दोष बहुधा देखभालीच्या वेळी हात लागलेल्या भागांतच असतो. प्रस्तुत लेखात वायुवर्णलेखन यंत्राला जोडलेल्या चतुर्ध्रुवी वर्णपटमापकाचा मुख्यत्वे विचार केला आहे.

जुळवणीचे स्वरूप

चतुर्ध्रुवी वस्तुमान गाळणीचे तत्त्व वोल्फगांग पाउल आणि हेल्मुट स्टाइनवेडेल यांनी १९५३ मध्ये मांडले. चार समांतर दांड्यांवर स्थिर आणि उच्च वारंवारतेचा विद्युतदाब एकत्रित देऊन एका वेळी एकाच गुणोत्तराचे आयन पलीकडे जाऊ दिले जातात. त्याआधी आयन स्रोतात तापलेल्या तंतूपासून निघालेले इलेक्ट्रॉन रेणूंवर आदळतात. त्यांची ऊर्जा प्रथेनुसार ७० इलेक्ट्रॉन व्होल्ट ठेवतात. तयार झालेल्या आयनांना रिपेलर हा भाग पुढे ढकलतो, भिंगे त्यांचा झोत एकवटतात आणि शेवटी इलेक्ट्रॉन मल्टिप्लायर त्यांचे मोजता येण्याजोग्या विद्युतप्रवाहात रूपांतर करतो. या प्रत्येक टप्प्यावरील विद्युतदाब परस्परांशी जुळावा लागतो. तंबोऱ्याची एक तार उतरली की बाकीच्या तारा लागलेल्या असूनही सूर बिघडतो, तसाच हा प्रकार आहे.

जुळवणीसाठी परफ्लुओरोट्रायब्युटिलअमाइन हा द्रव प्रमाणक म्हणून वापरतात. उपकरणातच बसवलेल्या लहान कुपीतून त्याची वाफ एका झडपेद्वारे आयन स्रोतात सोडली जाते. त्याच्या वर्णपटात ६९, २१९ आणि ५०२ ही शिखरे विशेष उपयोगी पडतात, कारण ती कमी, मध्यम आणि अधिक वस्तुमानाचे प्रतिनिधित्व करतात. ६९ हा एका कार्बनचा, २१९ हा चार कार्बनचा, तर ५०२ हा नऊ कार्बनचा आयन आहे. निसर्गातील कार्बनमध्ये सुमारे १.१ टक्का कार्बन-१३ असल्याने ७०, २२० आणि ५०३ येथे अनुक्रमे सुमारे १, ४ आणि १० टक्के उंचीची समस्थानिक शिखरे दिसली पाहिजेत. ही प्रमाणे निसर्गाने ठरवलेली असल्यामुळे ती बिघडलेली दिसल्यास शिखरांचे पृथक्करण नीट होत नाही, किंवा संकेत तरी फार क्षीण आहे, असे समजावे.

निर्वात आणि गळती

उपकरण सुरू केल्यावर पहिली तपासणी निर्वाताची करतात. विश्लेषक कक्षातील दाब साधारणतः एक लाखांश टॉर किंवा त्याहून कमी असावा लागतो. हवेचा दाब ७६० टॉर असतो, हे लक्षात घेता किती बारीक फट पुरेशी होईल याची कल्पना येते. टर्बो पंप पूर्ण गतीस पोहोचत नसेल, तर कक्षाचे दार नीट बसलेले नाही, त्याच्या रबरी कड्यावर केस अथवा धागा अडकला आहे, किंवा हवा सोडण्याची झडप उघडी राहिली आहे, या शक्यता प्रथम पाहाव्यात. मोठी गळती असताना तंतू पेटवू नये. तापलेला तंतू प्राणवायूच्या संपर्कात लवकर जळतो आणि मग एका दोषाचे दोन दोष होतात.

पंप पूर्ण गतीला पोहोचला तरी सूक्ष्म गळती असू शकते. ती ओळखण्यासाठी १८ (पाणी), २८ (नायट्रोजन), ३२ (ऑक्सिजन) आणि ४० (आरगॉन) ही शिखरे पाहतात. २८ आणि ३२ यांचे प्रमाण चारास एकच्या आसपास असेल, तर आत येणारा वायू हवाच आहे. नायट्रोजनचे शिखर प्रमाणकाच्या ६९ च्या शिखराच्या सुमारे १० टक्क्यांहून कमी असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. नुकत्याच उघडलेल्या उपकरणात पाण्याचे शिखर मात्र मोठेच असते. धातूच्या पृष्ठभागांना चिकटलेले पाणी सावकाश सुटते आणि पावसाळ्यातील दमट हवेत उघडलेल्या उपकरणात ते अधिक असते. म्हणून एका वाचनावरून निष्कर्ष न काढता तासाच्या अंतराने वाचने घ्यावीत. पाणी उतरत जाते, गळतीतून येणारा नायट्रोजन उतरत नाही. घाईने उपकरण पुन्हा उघडणाऱ्यांची चूक येथेच होते. प्रत्येक वेळी नवे पाणी आत जाते आणि प्रतीक्षा पहिल्यापासून सुरू होते.

गळतीचे स्थान शोधण्यासाठी प्रत्येक सांध्याजवळ आरगॉनची बारीक धार सोडून ४० चे शिखर उसळते का, हे पाहतात. आरगॉन हवेपेक्षा जड असल्याने खालच्या सांध्यापासून वर जाणे सोयीचे असते. स्तंभ वर्णपटमापकात शिरतो तेथील नट हे सर्वांत संशयित ठिकाण होय. तेथील ग्रॅफाइटमिश्रित पॉलिमाइडचे कडे तापवल्यावर आकसते, त्यामुळे भट्टीची काही आवर्तने झाल्यावर नट पुन्हा किंचित आवळावा लागतो. गळती वायुवर्णलेखन यंत्राच्या बाजूस आहे की वर्णपटमापकाच्या, हे कळत नसेल तर स्तंभ काढून तेथे बंद नट बसवून पाहतात.

शिखरांवरून दोषाचे अनुमान

पडद्यावर केवळ खरखर दिसत असेल आणि हवा-पाण्याचीही शिखरे नसतील, तर आयन तयारच होत नाहीत किंवा शोधकापर्यंत पोहोचत नाहीत. अशा वेळी तंतू तुटला आहे का, त्याचे जोड बसले आहेत का आणि मल्टिप्लायरची तार निसटली आहे का, हे पाहावे. बहुतेक उपकरणांत दोन तंतू असतात. दुसरा तंतू निवडताच संकेत आला, तर दोष पहिल्या तंतूत किंवा त्याच्या जोडणीत आहे.

हवा आणि पाण्याची शिखरे व्यवस्थित दिसत असून प्रमाणकाचे एकही शिखर नसेल, तर चित्र अगदी वेगळे असते. तंतू, भिंगे, गाळणी आणि शोधक हे सारे काम करत असल्याखेरीज पाण्याचे शिखर दिसलेच नसते. मग उरतात त्या प्रमाणकाची कुपी आणि तिची झडप. कुपी रिकामी असणे किंवा झडप न उघडणे यासाठी संपूर्ण आयन स्रोत पुन्हा सोडवल्याची उदाहरणे प्रयोगशाळांतून ऐकू येतात.

६९ ठीक आणि ५०२ फारच खुजे, हा तिसरा प्रकार. स्रोतातील उरलेली घाण, उलटे बसलेले भिंग, चुकीच्या जागी जोडलेली तार किंवा स्रोताचे वाजवीपेक्षा अधिक तापमान ही त्याची कारणे असतात. तापमान वाढल्यास मोठे आयन अधिक प्रमाणात तुटतात, हेही लक्षात ठेवावे. रिपेलरचा विद्युतदाब हळूहळू बदलत नेऊन शिखराची उंची पाहिल्यास उपयुक्त माहिती मिळते. विद्युतदाब बदलूनही उंची जराही बदलत नसेल, तर तो रिपेलरपर्यंत पोहोचतच नाही.

जोडणीतील नेहमीच्या चुका

आयन स्रोताचे पोलादी भाग ॲल्युमिनिअम ऑक्साइडच्या बारीक भुकटीने घासतात. ही भुकटी विद्युतरोधक असते. ती पूर्ण धुतली गेली नाही, तर तिच्यावर प्रभार साठतो आणि आयनांचा मार्ग वाकतो. याउलट सिरॅमिकच्या विद्युतरोधक कड्यांवर धातूचा ओरखडा उमटला, तर जेथे विद्युत वाहू नये तेथे ती वाहू लागते. म्हणून ही कडी घासत नाहीत. उघड्या बोटांचा स्पर्श, कापसाचा तंतू, तडकलेले कडे आणि अर्धवट वाळलेले भाग यांपैकी कोणतेही कारण जुळवणी अडवण्यास पुरेसे असते. स्रोत परत बसवण्यापूर्वी भिंगे, रिपेलर व मुख्य चौकट यांचा परस्परांशी विद्युतसंपर्क नाही ना, हे साध्या मल्टिमीटरने तपासता येते. या तपासणीस काही मिनिटे लागतात. ती वगळल्यास निर्वात पुन्हा मोडावा लागून दिवस जातो. स्तंभाचे टोक स्रोतात किती आत असावे, हे उत्पादकाने दिलेल्या मापानुसारच ठेवावे.

‘उत्तीर्ण’ जुळवणीचा धोका

स्वयंचलित जुळवणी कमकुवत संकेताची भरपाई मल्टिप्लायरचा विद्युतदाब वाढवून करते. त्यामुळे दोष कायम असूनही अहवालात जुळवणी यशस्वी दिसू शकते. स्वच्छतेनंतर हा विद्युतदाब पूर्वीपेक्षा उतरणे अपेक्षित असते. तो चढला असेल, तर काहीतरी चुकले आहे. अशा उपकरणावर नमुन्यातील अल्प मात्रेचे घटक खरखरीत बुडून जातात. निर्यातीच्या द्राक्षांतील कीटकनाशकांचे अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळेत याचा अर्थ, अवशेष असूनही ‘आढळले नाही’ असा निर्वाळा दिला जाणे. म्हणून देखभालीपूर्वीचा जुळवणी अहवाल जपून ठेवावा आणि नव्या अहवालातील विद्युतदाब, शिखरांची रुंदी व उंची यांची त्याच्याशी ओळीने तुलना करावी.

द्रववर्णलेखनाशी जोडलेली उपकरणे

विद्युतफवारा पद्धतीच्या उपकरणांत तंतू नसतो आणि आयनीभवन वातावरणीय दाबाला होते. त्यामुळे तेथे हवेच्या शिखरांवरून गळती शोधण्याची वरील रीत लागू पडत नाही. प्रमाणक द्रावण पिचकारी पंपाने किंवा उपकरणातील स्वतंत्र नळीने सोडतात. देखभालीनंतर फवारा तुटक पडणे, सुई तुंबणे, नळीत हवेचा बुडबुडा राहणे आणि आयन आत नेणारी केशनलिका पूर्ण न बसणे, ही तेथील नेहमीची कारणे होत.