मराठी संगणकलेखन आणि दृष्टिबाधितांची वाचनसुगमता : बुलडाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

संकेतस्थळांची सुगमता हा विषय आपल्याकडे प्रामुख्याने कायद्याच्या अंगाने मांडला जातो. प्रस्तुत लेखात मात्र मराठी मजकुराच्या संगणकीय संकेतांकनाचा इतिहास केंद्रस्थानी ठेवला आहे. कारण मराठी वाचू इच्छिणाऱ्या दृष्टिबाधित व्यक्तीची वाट कायद्याच्या अभावापेक्षा या संकेतांकनाने अधिक अडविली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

इ.स. १९५१ मध्ये भारती ब्रेल निश्चित झाली. तीत रोमन 'के'ची टिंबे हीच 'क'ची टिंबे होत. मराठी, बंगाली वा तमिळ 'क'लाही तीच. एका ध्वनीला एकच खूण हे तत्त्व १९९१ च्या 'इस्की' प्रमाणकातही आढळते. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. व्यवहारात मात्र छपाईच्या निकडीने निराळाच मार्ग धरला. जुन्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीची केवळ चित्रे बसविलेली असत. डोळ्यांना 'सिंदखेड राजा' दिसे. संगणकाच्या स्मृतीत रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांची निरर्थक मालिका असे, आणि 'सि'मधील वेलांटी 'स'च्याही आधी नोंदलेली असे. स्क्रीन रीडर चित्र वाचत नाही, संकेतांक वाचतो. सबब तो ती मालिकाच उच्चारीत असे. महाविद्यालयीन नियतकालिकेही या फाँटमध्येच जुळविली जात, हे येथे नमूद केले पाहिजे.

२०११ च्या जनगणनेनुसार बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती, तालुके १३. सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूरहून किंवा लोणारहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे ज्यास सर्वाधिक कष्टाचे, त्यालाच घरबसल्या मिळणाऱ्या माहितीचा लाभ सर्वाधिक. तीच माहिती त्याला मुकी राहिली.

कायद्याचा प्रवास थोडक्यात असा. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात संकेतस्थळांचा विचार नव्हता. शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ४२ ने माहिती-तंत्रज्ञानातील सुगमता शासनाचे कर्तव्य ठरविले. तथापि २०१७ च्या नियमावलीतील नियम १५ शिफारसवजा तत्त्वांवरच विसंबला होता. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो अधिनियमाशी विसंगत ठरविला व बंधनकारक नियम करण्यास सांगितले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालाने डिजिटल सुगमता संविधानाच्या अनुच्छेद २१ शी जोडली.

दरम्यान २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात 'एनव्हीडीए' या विनामूल्य स्क्रीन रीडरचे काम सुरू झाले. महागडी आज्ञावली न परवडणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही घटना कोणत्याही परिपत्रकाहून मोठी होय.

युनिकोड आता रूढ झाला आहे. परंतु सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून पीडीएफ रूपात चढविण्याची पद्धत गेलेली नाही. जुन्या फाँटमधील मजकुरात निदान परिवर्तकाने उलटविता येण्याजोगे संकेतांक तरी होते. स्कॅन केलेल्या चित्रात तेवढेही नसतात. अक्षरओळख प्रणालीकडून ते वाचून घ्यावे, तर शिक्क्याखाली दबलेल्या जोडाक्षरापाशी ती अडखळते.