छातीसमोरचा दांडा

मोटारीचे स्टिअरिंग कशासाठी असते? गाडी वळवण्यासाठी, असे कुणीही सांगेल. पण चालकाच्या छातीसमोरच्या या दांड्याने वेळप्रसंगी मोडायलाही हवे. हे पटायला मोटारउद्योगाला अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला. घरी मोटार बांधणाऱ्या हौशी लोकांच्या निमित्ताने हा इतिहास पाहू या.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर जबर खरेदी-कर असे. सुट्या भागांचा संच घेतला तर तो वाचे. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने आणलेली 'सेव्हन' ही छोटी गाडी अशा संचाच्या रूपातही मिळे. १९७३ साली खरेदी-कर जाऊन मूल्यवर्धित कर आला. कराची पळवाट बुजली, पण हौस टिकली. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी अवघ्या २५० पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी यावर पुस्तकच लिहिले. सांगाडा घरी जोडायचा आणि इंजिनासारखे भाग जुन्या फोर्ड एस्कॉर्टमधून काढायचे. अशा जुन्या गाडीला 'दाता गाडी' म्हणू या.

आता दात्याकडून स्टिअरिंगचा दांडा कोणता घ्यावा? लांबी जुळणारा, स्वस्त, मजबूत? इथेच मेख आहे. जुन्या मोटारींत हा दांडा एकसंध पोलादी असे. समोरून टक्कर झाली की गाडीचे नाक मागे दबे आणि दांडा भाल्यासारखा चालकाच्या छातीत घुसे.

अमेरिकेत १९६६ साली वाहन-सुरक्षेचा कायदा झाला. जनरल मोटर्सने १९६७ च्या गाड्यांत दाबाने चुरगळणारी जाळीदार नळी दांड्याभोवती बसवली. १९६८ पासून नवे नियम लागू झाले. चाचणीत सुमारे ३५ किलोग्रॅमचा, माणसाच्या धडासारखा ठोकळा ताशी २४ किलोमीटर वेगाने स्टिअरिंगवर आदळवतात. छातीवरचे बल ११,१२० न्यूटनांच्या वर जाता कामा नये. सूट फक्त काही सहस्रांश सेकंदांची.

विद्यार्थ्यांकडून हिशोब करून घ्या. वेग सेकंदाला सुमारे ६.७ मीटर, म्हणजे गतिज ऊर्जा सुमारे ७८६ जूल. ऊर्जा म्हणजे बल गुणिले अंतर. म्हणून बल सतत कमाल मर्यादेवर राहिले तरी ठोकळा थांबायला किमान ७ सेंटिमीटर लागतात. एवढी जागा दांड्याने आकसून द्यायची असते. आकसण्याचे अंतर निम्मे झाले, तर सरासरी बल दुप्पट!

म्हणून दात्याचा दांडा आकसणारा हवा. पण तेवढ्याने भागत नाही. दांडा लांब पडतो म्हणून आकसणारा भागच कापून वेल्डिंग केले, किंवा तो भाग सांगाड्याला घट्ट जखडला, तर हाती पुन्हा भालाच उरतो. खालच्या बाजूला दोन युनिव्हर्सल जॉइंट देऊन दांड्याला बाक दिला, तर धक्क्याने तो सरळ मागे न येता दुमडू शकतो. मात्र दोन्ही सांधे नीट जुळवावे लागतात; नाहीतर चाक एकसारखे फिरवले तरी पुढचा दांडा कमीजास्त वेगाने फिरतो.

ब्रिटनमध्ये १९९८ पासून अशा एकेकट्या गाड्यांची सरकारी तपासणी सुरू झाली. त्यात स्टिअरिंगची सुरक्षितताही पाहिली जाऊ लागली. हौशी कारागिराला आपल्या गाडीचा दांडा नेमका कुठे आणि कसा मोडेल, याचाही विचार करावा लागला.

वर्गात कागदाच्या दोन नळ्या करा. एक साधी, दुसरी आडव्या घड्या घातलेली. दोन्ही तळहाताने वरून दाबा. कोणती नळी आधी हार मानते, आणि त्यात हाताचा फायदा कसा, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.