दोरी, ओळंबा आणि मोटारीची चाके

मोटारीची पुढची चाके एकमेकांना काटेकोर समांतर क्वचितच असतात आणि हा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. वरून पाहता ती पुढच्या टोकांशी किंचित जवळ असतील तर तो टो-इन. समोरून पाहता चाक आत किंवा बाहेर कललेले दिसते, तो कॅम्बर. ज्या अक्षाभोवती चाक वळते तो मागे झुकलेला असतो, ते झुकणे म्हणजे कॅस्टर. यांतला टो घरच्या अंगणात मोजता आणि दुरुस्त करता येतो, आणि टायर सर्वांत जास्त खातो तोही हाच.

बैलगाडीला हा प्रश्नच नव्हता. तिची दोन चाके एकाच आसावर फिरतात आणि वळवण्याचे काम बैल करतात. चारचाकी घोडागाडीत पुढचा सबंध आस मधल्या खिळ्याभोवती वळे. १८१८ मध्ये रुडॉल्फ आकरमान याने म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर याच्या कल्पनेचे पेटंट लंडनमध्ये घेतले. त्यात आस जागेवर राहतो, चाके स्वतंत्र वळतात आणि आतले चाक बाहेरच्यापेक्षा अधिक वळते. दोन चाकांना जोडणारा दांडा मोटारीने तिथूनच घेतला. आजचा टाय रॉड तोच, आणि त्याची लांबी आट्यांवर कमीजास्त करणे म्हणजेच टो लावणे.

कोकणात मात्र रत्नागिरीचा मुंबईशी व्यवहार दीर्घकाळ बोटीने चाले. रस्त्यांचे महत्त्व पुढे वाढत गेले तसा कोल्हापूरकडे चढणाऱ्या आंबा घाटाचा, वळणांचा आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यांचा मार चाकांना बसू लागला. स्वातंत्र्यानंतर जीप, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट आणि उत्तरपाड्याची अ‍ॅम्बेसेडर या गाड्या देशभर फिरू लागल्या. यंत्रे महाग आणि दूरच्या शहरांत होती, त्यामुळे देशातल्या लहान गावांतल्या मिस्त्रींनी गवंड्याची आणि सुताराची अवजारेच चाकांना लावली: दोरी, ओळंबा, पट्टी आणि खडू.

पद्धत साधी, पण हात सावध हवा. जॅकवर उचललेले चाक फिरवत टायरच्या मधोमध खडू लावायचा आणि खिळा स्थिर धरून त्यावर बारीक रेघ ओढायची. दुसऱ्या चाकालाही तसेच. गाडी खाली टेकवून थोडी पुढे ढकलायची, म्हणजे निलंबन (सस्पेन्शन) आपल्या जागी बसते. मग चाकाच्या मध्याच्या उंचीवर, पुढच्या बाजूला दोन रेघांमधले अंतर मोजायचे. त्याच खुणा मागच्या बाजूला येईपर्यंत गाडी पुन्हा पुढेच सरकवायची आणि पुन्हा मोजायचे. दोन्ही मापे त्याच खुणांवर घेतल्याने वाकड्या रिमची चूक निघून जाते. गाडी मागे ढकलली तर सांध्यांतली ढिलाई उलट बाजूला जाते आणि माप फसते.

चूक बारीक दिसली तरी तिची किंमत मोठी असते. १३ इंची रिमच्या काठांवर मोजलेला टो २ मिलिमीटरने चुकला, तर ढोबळ हिशेबाने प्रत्येक चाक किलोमीटरमागे ३ मीटर आडवे घासले जाते. रत्नागिरी ते कोल्हापूर या सुमारे १३० किलोमीटरमध्ये हे घासणे ४०० मीटरच्या जवळ जाते. टायरची एक कड गुळगुळीत होते ती अशी.

कॅम्बरसाठी ओळंबा पुरतो. मात्र तो रिमच्या वरच्या आणि खालच्या काठाशी धरावा, कारण जमिनीजवळ टायर फुगलेला असतो. त्याच रिमवर १ अंश म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर. इथे कोकणातल्या खळ्याची, म्हणजे अंगणाची, अडचण येते. पाणी वाहून जावे म्हणून त्याला उतार दिलेला असतो. तेव्हा पारदर्शक नळीत पाणी भरून चारही चाकांखालची उंची आधी जुळवावी लागते. हे काम कंटाळवाणे खरे, पण ते टाळून घेतलेले कॅम्बरचे माप निरुपयोगी ठरते. पुढच्या चाकांखाली ग्रीस लावलेल्या दोन-दोन गुळगुळीत फरशा ठेवल्या की चाके अडखळत नाहीत.

१९८३ च्या डिसेंबरात आलेल्या, पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या मारुती ८०० ने हिशेब बदलला. मागची चाके ढकलत असतील तर पुढची चाके रस्त्याच्या विरोधाने बाहेर फाकू पाहतात, म्हणून त्यांना टो-इन देतात. पुढची चाकेच ओढत असतील तर ती आत येऊ पाहतात, म्हणून टो शून्याजवळ ठेवतात. शिवाय तिच्यासारख्या रॅकच्या (दातेरी पट्टीच्या) स्टिअरिंगला दोन टाय रॉड असतात. दोन्ही सारखे फिरवले नाहीत तर चाके बरोबर लागूनही स्टिअरिंग वाकडे राहते. इथे नुसते दोन चाकांमधले अंतर मोजून भागत नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना, तिच्या मध्यरेषेला समांतर अशी दोरी ताणून प्रत्येक चाक वेगळे मोजावे लागते. पुढच्या दोन चाकांमधली आणि मागच्या दोन चाकांमधली रुंदी सहसा सारखी नसते, हे धरूनच दोरी लावायची.

पुढे संगणकी यंत्रे आणि कॅमेऱ्यांची उपकरणे आली. घरच्या पेटीतही चुंबकाने चिकटणारे कॅम्बर-गेज आणि लेझर शिरले. कॅस्टर मात्र सरळ मोजता येत नाही. चाक ठरावीक अंशांत, साधारणतः २०, आत आणि बाहेर वळवून कॅम्बरमधला फरक काढावा लागतो आणि त्यासाठी अंश दाखवणाऱ्या फिरत्या तबकड्या लागतात. तबकड्या नसतील तर ते यंत्रावरच मोजून घेतात.