परसातली कोंबडी आणि शिध्याचे अंडे

आठवड्याला माणशी एक अंडे, आणि तेही दुकानात आले तर! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधील गृहिणीला जून १९४१ पासून हा हिशेब सांभाळावा लागला. अर्ध्या जगावर अधिराज्य गाजवणाऱ्या देशाच्या न्याहारीतून अंडेच नाहीसे व्हावे याचे नवल वाटते. परंतु त्याची कारणे अगदी साधी होती. अंडी पाठवणारे डेन्मार्क आणि हॉलंड हे देश १९४० च्या वसंत ऋतूत जर्मनीच्या ताब्यात गेले. कोंबड्यांना लागणारे पुष्कळसे धान्य समुद्रमार्गे येई आणि त्या वाटेवर जर्मन पाणबुड्या दबा धरून बसलेल्या. जहाजातल्या मोजक्या जागेत माणसांसाठी गहू आणावा की कोंबड्यांसाठी मका, या प्रश्नाचे उत्तर ठरलेलेच होते. मोठ्या कुक्कुटपालकांचे खाद्य तोडले गेले, त्यांचे कळप रोडावले.

तेव्हा सरकारची दृष्टी घरामागच्या चिमूटभर जागेकडे वळली. बटाट्याच्या साली, कोबीची बाहेरची पाने, ताटातले उष्टे यांना जहाज लागत नाही. त्यापूर्वी अनेक घरमालकांच्या भाडेकरारात कोंबड्या पाळण्यास स्पष्ट मनाई असे. १९४० मध्ये युद्धकालीन नियमाने ती बंधने बाजूस सारली आणि कारकून, गिरणीकामगार, शिक्षिका अशी जन्मात कधी कोंबडी न हाताळलेली माणसे खुराडे ठोकू लागली.

या योजनेतला सौदा मला फार बोलका वाटतो. परसात कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबाने दुकानदाराकडील आपली अंड्यांची नोंदणी सोडून द्यायची. तिच्या मोबदल्यात 'बॅलन्सर मील' नावाचा भरडा ठरावीक प्रमाणात मिळे. खरकट्यात जे सत्त्व कमी पडते ते त्याने भरून निघे. साली उकडून, कुस्करून त्यात हा भरडा कालवायचा. ज्यांना परसच नव्हते असे शेजारी आपलीही नोंदणी कोंबडीवाल्यांच्या हवाली करत आणि अंड्यांत वाटा घेत. म्हणजे हातचे एक अंडे आधी सोडायचे आणि मग कोंबडीच्या मर्जीवर विसंबायचे! सहा कोंबड्यांपैकी चार जरी रोज अंडे देऊ लागल्या, तरी आठवड्याला अठ्ठावीस अंडी झाली. पाच माणसांच्या शिध्याच्या पाचपटीहून अधिक. पण एकीनेही दिले नाही, तर दुकानात परत जाऊन हात पसरण्याची सोय नव्हती.

आणि कोंबडी काही सरकारी वेळापत्रक पाळत नाही. वसई-कोकणातल्या आपल्या आजीने न शिकताच जे जाणले, ते लंडनच्या कारकुनाला पुस्तिका वाचून शिकावे लागले. तलंग पाच-सहा महिन्यांची झाल्याशिवाय अंडे धरत नाही. अंडी हवी असतील तर कोंबडा लागतोच असे नाही. तो लागतो पिल्लांसाठी. कवचासाठी चुना हवा, म्हणून शिंपल्यांचा चुरा द्यायचा. खुडूक झालेली कोंबडी अंडी द्यायचे थांबते आणि रिकाम्या जागेवरही हट्टाने बसून राहते. सर्वांत कठीण धडा उजेडाचा. भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला सुमारे चौदा तास प्रकाश लागतो. लंडनमध्ये डिसेंबरचा दिवस आठ तासांचाही नसतो. त्यात शरद ऋतूत जुनी पिसे गळून नवी येत असतात, अंगातले सारे बळ तिकडेच जाते. म्हणून वसंतातली अंडी 'वॉटरग्लास'च्या, म्हणजे सोडियम सिलिकेटच्या, द्रावणात बुडवून हिवाळ्यासाठी ठेवत. अमेरिकेहून १९४२ पासून अंड्यांची भुकटी येऊ लागली, तरी ताज्या अंड्याची सर तिला कुठून येणार?

योजना किती फोफावली? घरगुती कुक्कुटपालकांच्या परिषदेची सभासदसंख्या दहा लाखांच्या पुढे गेली. तिच्यामागे किती घरांत एखादी म्हातारी, पोरांनी लाडाने नाव ठेवलेली कोंबडी कापण्यावरून रडारड झाली असेल, याची नोंद कोणत्या दप्तरात असणार!

हे कौतुक लिहिताना हात थोडा अडखळतो. त्याच साम्राज्याच्या छत्राखाली १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसे अन्नान्न करून मेली. आपल्या मुंबईतही त्याच वर्षी धान्याचे शिधावाटप सुरू झाले. इंग्लंडच्या घराघरांत शिधा पोचवणाऱ्या राज्ययंत्रणेला बंगालचे खेडे दूरचे वाटले, हे तिच्या कर्तबगारीइतकेच खरे आहे.

युद्ध १९४५ मध्ये संपले. अंड्यांवरचे नियंत्रण मात्र मार्च १९५३ पर्यंत टिकले. तोवर १९५० च्या एका कायद्याने परसात कोंबड्या आणि ससे पाळण्याची मुभा कायम केली होती. भाडेकरारात काहीही लिहिलेले असो, धंद्यासाठी नव्हे तर घरासाठी कोंबड्या पाळता येतील, असे त्यात म्हटले आहे. इंग्लंडमध्ये ते कलम आजही लागू आहे. कोंबड्याचे नाव त्यात नाही. पहाटेच्या झोपेला जपणारे शेजारी कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असावेत.